एनएचएल: नववा सामना झाला की पोराला परत का पाठवतात?

प्रश्न:
ड्राफ्टमधून (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ती प्रक्रिया) आलेला १८ वर्षांचा खेळाडू एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या सर्वोच्च लीगमध्ये, आठ-नऊ सामने खेळतो आणि गायब होतो. दुखापत नसते, खेळही बरा असतो. मग?

प्रतिसाद १:
सगळी मेख करारात आहे. १८ ते २१ वयात सही केली की पहिला करार ३ वर्षांचाच. पण १८-१९ वर्षांच्या पोराने त्या हंगामात एनएचएलचे १० पेक्षा कमी सामने खेळले तर करार एक वर्ष पुढे सरकतो. दहाव्या सामन्याला बर्फावर उतरला, की संघाला स्वस्तात मिळालेलं एक वर्ष खर्ची पडलं! २०२२-२३ मध्ये शेन राइट सिएटल संघाकडून ८ सामने खेळला आणि पुन्हा ज्युनियरला, म्हणजे तरुण खेळाडूंच्या लीगमध्ये गेला.

प्रतिसाद २:
एक भर. प्लेऑफचे (हंगामाअखेरच्या बाद फेरीचे) सामनेही या दहात धरतात, हे बरेच जण विसरतात. सहीचा बोनस मात्र सरकत नाही, तो ठरल्या वेळी हातात पडतो.

प्रश्नकर्ता:
मग खालच्या लीगमध्ये पगार तोच?

प्रतिसाद १:
नाही हो. पहिला करार दुहेरी असतो: एनएचएलचा आकडा वेगळा, एएचएलचा (एनएचएलच्या लगेच खालची लीग) वेगळा आणि बराच कमी. वरच्या पगारातूनही एस्क्रोची (हिशेब जुळेपर्यंत राखून ठेवायच्या रकमेची) कपात होऊ शकते, कारण महसूल मालक-खेळाडूंत निम्मा-निम्मा वाटायचा असतो.

प्रतिसाद ३:
खरी कसोटी पुढे. वेव्हर म्हणजे खेळाडू खाली पाठवण्याआधी इतर संघांपुढे ठेवायचा नियम; नव्या पोरांना त्यातून काही काळ सूट असते. ती संपली की खाली पाठवण्याआधी २४ तास बाकीच्या संघांना त्याला उचलता येतं. संघात जागा २३, एका सामन्याला उतरतात २०. त्यामुळे चौथ्या, म्हणजे शेवटच्या फळीतल्याची बॅग कायम भरलेलीच.