६० गिगाहर्ट्झवर थेट मार्गाच्या आधीच पोहोचणारा सिग्नल: चूक कुठे शोधू?

कॉरिडॉर_मोजणी (प्रश्न)

नमस्कार. पीएचडीसाठी मी ६० गिगाहर्ट्झवर एका लांब कॉरिडॉरचं चॅनल (सिग्नल हवेतून कुठल्या मार्गांनी, किती घटून पोहोचतो ते) मोजतेय. गेले तीन आठवडे दोन गोष्टींपाशी अडकले आहे.

सेटअप: व्हीएनए (वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीला सिग्नलची पातळी आणि फेज मोजणारं यंत्र), ५९ ते ६१ गिगाहर्ट्झ स्वीप, २०१ पॉइंट्स, आयएफ बँडविड्थ १ किलोहर्ट्झ. दोन्हीकडे २० डीबीआय गेनचे हॉर्न (एका दिशेला रोखलेले अँटेना). कॅलिब्रेशन केबलच्या टोकापर्यंत. ट्रान्समिट हॉर्न एका जागी ठेवून रिसीव्ह हॉर्न २ ते १२ मीटरपर्यंत दोन-दोन मीटरनी मागे नेते आणि प्रत्येक जागी १० अंशांच्या टप्प्यांनी पूर्ण फिरवते. डेटाला हॅन विंडो (कडांना मोजणी हळूहळू शून्यावर नेणारं वजन) लावून आयएफएफटी करते, म्हणजे फ्रीक्वेन्सीच्या मोजणीवरून कुठला सिग्नल किती उशिराने आला ते काढते.

पहिली अडचण. १२ मीटरवर थेट मार्ग ४० नॅनोसेकंदांवर दिसायला हवा, तसा तो दिसतो. पण हॉर्न उलट्या दिशेला वळवला की २३.३ नॅनोसेकंदांवर एक ठळक शिखर येतं. म्हणजे ७ मीटर! दोन अँटेनांमधलं सरळ अंतरच १२ मीटर आहे. कॅलिब्रेशन दोनदा नव्याने केलं, शिखर जागचं हललं नाही.

दुसरी. हॉर्नचे गेन वजा करून, १ मीटरच्या ६८ डीबी फ्री-स्पेस लॉसला रेषा बांधली, तर पाथलॉसचा घातांक (अंतरासोबत सिग्नल किती वेगाने घटतो तो आकडा, मोकळ्या जागेत २) २.६ येतो. समोरासमोर अँटेना, मध्ये काहीही नाही. हा आकडा मी थीसिसमध्ये कसा लिहू?

अँटेनावाला

६० गिगाहर्ट्झला हवेतला ऑक्सिजन सिग्नल शोषतो, ते धरलंय का? घातांक त्यामुळे वाढला असेल.

जुना_स्वीप

ऑक्सिजनचं शोषण खरं आहे, पण ते किलोमीटरला साधारण १५ डीबी. १२ मीटरला ०.२ डीबीसुद्धा होत नाही. इतक्या छोट्या अंतरात त्याच्यावर बोट ठेवता येणार नाही.

आता ७ मीटरच्या शिखराकडे या. तुमची फ्रीक्वेन्सीची पायरी १० मेगाहर्ट्झची आहे. तिचा व्यस्तांक १०० नॅनोसेकंद, म्हणजे ३० मीटर. त्यापेक्षा लांबून आलेला कुठलाही मार्ग तुमच्या प्रोफाइलमध्ये स्वतःच्या जागी दिसूच शकत नाही, तो घडी पडून प्रोफाइलच्या सुरुवातीच्या भागात येतो. हे फेजवरून बघा. १२३.३ नॅनोसेकंद उशिराने आलेला सिग्नल दर पायरीला ४४४ अंश फिरतो. ४४४ आणि ८४ यांतला फरक पूर्ण एका फेऱ्याचा, त्यामुळे नमुन्यांत दोन्ही एकसारखेच दिसतात. ८४ अंश म्हणजे २३.३ नॅनोसेकंद. तुमचंच शिखर.

१२३.३ नॅनोसेकंद म्हणजे ३७ मीटर. रिसीव्हरच्या मागे साधारण साडेबारा मीटरवर काय आहे ते जाऊन बघा. धातूचं दार, कपाट, असं काहीतरी सापडेल. तिथपर्यंत २४.५ आणि परत १२.५, बेरीज ३७. हॉर्न उलटा वळवल्यावरच शिखर उठतं हेही त्याला धरूनच आहे. खात्री करायला पॉइंट्स ४०१ करा, बाकी काही बदलू नका. खोटं शिखर आपली जागा सोडून १२३ वर जाईल, खरं असेल तर जागचं हलणार नाही. पण पायरी बारीक करायची म्हणून स्वीपची रुंदी कमी करू नका. आज २ गिगाहर्ट्झमुळे तुम्हाला अर्ध्या नॅनोसेकंदाचं, म्हणजे १५ सेंटिमीटरचं रेझोल्यूशन मिळतंय (हॅन लावल्यावर ते आणखी जाड होतं). ते गमावू नका.

घातांकाबद्दल: मोकळ्या कॉरिडॉरमध्ये भिंती सिग्नलला धरून ठेवतात, तिथे आकडा बहुतेक वेळा २ च्या आत येतो. २.६ बघितल्यावर माझी पहिली शंका विंडोवर. हॅनची सरासरी ०.५ असते. आयएफएफटीनंतर त्या ०.५ ने भागलं नाही, तर प्रत्येक शिखर ६ डीबीने बुटकं होतं. तुमची रेषा १ मीटरला बांधलेली असल्यामुळे ते ६ डीबी दुसरीकडे कुठे जाऊ शकत नाहीत, सगळे उतारात शिरतात. दोन्ही हॉर्न १ मीटरवर समोरासमोर ठेवा. एस२१ (एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोहोचलेल्या सिग्नलचं डीबीतलं माप) उणे २८ च्या आसपास यायला हवा: ६८ मधून ४० गेले. तोच डेटा आयएफएफटीतून काढून थेट मार्गाचं शिखर बघा. तिथे उणे ३४ दिसलं तर दोष कोडमध्ये आहे, कॉरिडॉरमध्ये नाही.

अजून एक, माझ्या पोळलेल्या अनुभवातून. या फ्रीक्वेन्सीला तरंगलांबी ५ मिलिमीटर आहे. हॉर्न फिरवताना केबल वाकून तिची विद्युत लांबी अर्धा मिलिमीटर बदलली, तरी फेज ३६ अंशांनी सरकते. एकदा माझा आठवडाभराचा डेटा असाच गेला. खोलीत काहीही हललं नव्हतं आणि फेज दिवसभर सरकत होती. तेव्हापासून दर दोन तासांनी मी तीच १ मीटरची मोजणी पुन्हा घेतो, आणि कनेक्टर टॉर्क रेंचशिवाय आवळत नाही.

कॉरिडॉर_मोजणी

सर, आजच मोजून आले. मागे बरोबर साडेबारा मीटरवर लिफ्टचं स्टीलचं दार आहे! मी रोज त्याच लिफ्टने ट्रायपॉड वर आणते. ४०१ पॉइंट्स केल्यावर शिखर १२३.३ ला गेलं.

१ मीटरची चाचणीही केली. एस२१ उणे २८.३, शिखर उणे ३४.३. विंडोने भागल्यावर घातांक १.९ आला. तीन आठवडे मी कॅलिब्रेशन किटवर संशय घेत होते.

पुढच्या टप्प्यात व्हीएनए काढून खरा ट्रान्समीटर लावायचा आहे, ६४-क्वाम (डिजिटल मॉड्युलेशनचा एक प्रकार). त्याचं मॉडेल चॅनलसोबतच काढू का?

पीए_मॉडेलर

सोबत काढू नका. रिसीव्हरमधला इक्वलायझर ट्रान्समीटरचा उतार आणि चॅनलचा उतार एकत्रच सरळ करून टाकतो, नंतर त्यांना वेगळं करता येत नाही. आधी ट्रान्समीटर अटेन्युएटर लावून थेट रिसीव्हरला जोडा, हॉर्न नको. पॉवर पायरीपायरीने वाढवत ईव्हीएम (मिळालेली चिन्हं आपल्या आदर्श जागेपासून किती सरकली त्याचं माप) नोंदवा. पॉवर कमी केली तरी ईव्हीएम ज्या पातळीच्या खाली जात नाही, ती बहुधा फेज नॉइजची (ऑसिलेटरच्या फेजमधल्या थरथरीची) असते. लोकल ऑसिलेटर चौपट करून ६० वर नेला असेल, तर त्याचा फेज नॉइज त्या गुणाकारातच १२ डीबीने वाढलेला असतो. वरच्या टोकाला ईव्हीएम झपाट्याने बिघडतो तो पॉवर अँप्लिफायरमुळे, आणि मेमरी पॉलिनॉमियल (अँप्लिफायरच्या विकृतीचं गणिती मॉडेल) लागतो तो तिथे. ५जी एनआरमध्ये (५जीच्या रेडिओ मानकात) ६४-क्वामला ईव्हीएमची मर्यादा ८ टक्के आहे. केबलवरच तुम्ही ६ ला असाल, तर हवेत मोजलेल्या आकड्यातला किती भाग चॅनलचा, हे सांगणं अवघड होईल.

जुना_स्वीप

त्या स्टीलच्या दाराची पातळीही एकदा तपासा. ३७ मीटरचा फ्री-स्पेस लॉस ९९.४ डीबी, १२ मीटरचा ८९.६. परावर्तन स्वच्छ असेल तर थेट मार्गापेक्षा साधारण १० डीबी खाली यायला हवं.

कॉरिडॉर_मोजणी

११ डीबी खाली आहे.