परसबागेला माती किती लागेल? एक जण तीन ट्रॉल्या म्हणतो, दुसरा आठ

भुसावळकर

नमस्कार. भुसावळ शहराबाहेरच्या एका नव्या वसाहतीत आम्ही गेल्या वर्षी घर बांधले. घरामागे ३० फूट लांब आणि १८ फूट रुंद अशी मोकळी जागा आहे. बांधकामाच्या वेळी तिथे मुरमाचा भराव टाकला गेला, आणि त्यात विटांचे तुकडे व वाळलेल्या सिमेंटची ढेकळे इतकी मिसळली आहेत की कुदळ मारली तर आवाजच येतो, माती वर येत नाही.

या जागेत १२ फूट बाय ४ फूट मापाचे भाजीचे तीन वाफे, मोगरा आणि शेवंतीसाठी १२ फूट बाय ८ फुटांचा एक तुकडा, आणि आंबा, लिंबू, शेवगा व कढीपत्ता यांचे एकेक झाड, एवढे करायचे आहे. उरलेल्या जागेत पायवाट राहील.

माती पुरवणाऱ्या दोघांना जागा दाखवली. पहिल्याने आठ ट्रॉल्या लागतील असे सांगितले, तर दुसऱ्याने तीन. दोघांनीही जागा फक्त नजरेने पाहिली, टेप कोणी काढला नाही. मला वाटते की एक जण फसवत असावा, परंतु कोणता ते समजत नाही. शिवाय उन्हाळ्यासाठी वाफ्यांवर पालापाचोळ्याचे आच्छादन करावे असे सगळेच सांगतात, पण ते किती आणावे हे कोणी सांगत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त ओव्हरसिअर, अमळनेर

दोघांपैकी कोणीही फसवत नसण्याची शक्यता बरीच आहे. आपण त्यांना दोन गोष्टी विचारलेल्या दिसत नाहीत: माती किती जाडीची धरली, आणि ट्रॉली किती घनफुटांची आहे. या दोन आकड्यांवाचून "किती ट्रॉल्या" या प्रश्नाला उत्तर नाही.

माती, मुरूम, वाळू यांचा आपल्याकडचा हिशेब ब्रासमध्ये होतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर. लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही फुटांत घेऊन गुणाकार करायचा आणि १०० ने भागायचे, की ब्रास मिळतात. चूक बहुधा जाडीत होते, कारण ती इंचांत सांगितली जाते आणि घाईत तशीच गुणली जाते. ९ इंच म्हणजे ०.७५ फूट, ६ इंच म्हणजे अर्धा फूट, ३ इंच म्हणजे पाव फूट, एवढे लक्षात ठेवले तरी काम भागते.

आता आपल्या जागेचे पाहू. भाजीच्या वाफ्यांना ९ इंच माती धरली, तर एका वाफ्याला १२ × ४ × ०.७५ म्हणजे ३६ घनफूट आणि तिन्हींना १०८ घनफूट लागतील. फुलांच्या तुकड्याला ६ इंच धरल्यास १२ × ८ × ०.५ म्हणजे ४८ घनफूट. आंब्याचा खड्डा तिन्ही बाजूंनी ३ फूट घ्यावा, त्याचे २७ घनफूट झाले. लिंबू, शेवगा आणि कढीपत्ता यांना २ फुटांचे खड्डे पुरेसे आहेत, प्रत्येकी ८ प्रमाणे २४ घनफूट. खड्ड्यातून निघालेला मुरूम परत आत न घालता पायवाटेवर पसरावा, म्हणजे तो टाकून देण्याचा खर्च वाचतो. सगळे मिळून २०७ घनफूट होतात.

ट्रॉलीतून आलेली माती पोकळ असते. दोन-चार पाणी दिल्यावर आणि एक पाऊस झाल्यावर ती साधारण पाचव्या हिश्श्याने बसते, म्हणून २०७ वर २० टक्के वाढवून २५० घनफूट, म्हणजे अडीच ब्रास धरावेत. यात शेणखतही आले. अडीच भाग माती आणि एक भाग शेणखत असे प्रमाण ठेवले, तर माती सुमारे १८० आणि शेणखत सुमारे ७० घनफूट लागेल.

एक विनंती आहे. दोन्ही ट्रॉल्यांची माती भरण्याच्या भागाची लांबी, रुंदी आणि फाळक्याची उंची आतून मोजून येथे लिहावी. माती वजनावर मात्र घेऊ नये. कोरड्या, मोकळ्या मातीचा ब्रास साधारण साडेतीन टनांच्या पुढे भरतो, पण तीच माती ओली असली की वजन वाढते आणि आपण पाण्याचे पैसे मोजतो.

रावेरचा केळीवाला

ओव्हरसिअर साहेबांचे गणित चोख आहे. मला मातीच्या जातीविषयी सांगायचे आहे, कारण ब्रास बरोबर आले आणि माती चुकली, तर सगळा खर्च पाण्यात जातो.

आपल्याकडे माती मागितली की बहुतेक वेळा चिकण काळी माती येऊन पडते. कापसाला, केळीला ती उत्तम, कारण शेतात तिला खोली असते आणि मुळे खाली जातात. तीच माती मुरमावर ९ इंचांचा थर म्हणून टाकली, तर पावसाळ्यात तिचा चिखल होतो आणि चैत्र-वैशाखात तिला अशा भेगा पडतात की पावडेच काय, पोराचा हात आत जाईल. भेगांबरोबर बारीक मुळे तुटतात. परसबागेसाठी नदीकाठचा पोयटा मिळाला तर तो घ्यावा. नाहीच मिळाला, तर काळी माती दोन भाग, जाडसर वाळू किंवा चाळलेला बारीक मुरूम अर्धा भाग आणि कुजलेले शेणखत एक भाग असे मिश्रण करावे.

माती तपासायची घरगुती रीत अशी आहे. मूठभर माती पाण्याने कणकेसारखी मळावी, तळहातांवर तिची पेन्सिलीएवढी वळी करावी आणि तिचे कडबोळे वळावे. कडबोळे न चिरता गोल वळले, तर माती फार चिकण आहे असे समजावे. वळीच होत नसेल, तर वाळू जास्त आहे. वळी होते पण वळवताना तुटते, ती माती भाजीला चांगली.

दुसरे म्हणजे तलावाचा गाळ. २०१७ पासून "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" ही शासनाची योजना आल्यामुळे उन्हाळ्यात गाळाच्या ट्रॉल्या गावोगाव फिरताना दिसतात, आणि हलक्या, मुरमाड रानाला त्याचा खरोखर फायदा होतो. पण गाळ फार बारीक कणांचा असतो, त्यामुळे नुसत्या गाळाचा वाफा भरू नये, वाळल्यावर त्याची फरशी होते. मिश्रणात चौथा हिस्सा चालेल.

माती उतरवून घेण्यापूर्वी ट्रॉलीत हात घालून पाहा. हरळीच्या पांढऱ्या कांड्या किंवा लव्हाळ्याच्या काळ्या गाठी दिसल्या, तर ती ट्रॉली परत पाठवा. लव्हाळा एकदा बागेत शिरला की घर विकेपर्यंत सोबत करतो.

माती टाकण्याआधी खालचा मुरूम पहारीने निदान ६ इंच उकरून घ्यावा आणि त्यात थोडी नवी माती मिसळावी. कडक थरावर नुसती माती ओतली, तर पाणी दोन थरांच्या सांध्यावर साचते. मोगऱ्यालाही ६ इंच कमी पडतात, तेव्हा त्याच्या प्रत्येक रोपाखाली फूटभर खड्डा वेगळा करावा.

भुसावळकर

ओव्हरसिअर काका आणि केळीवाले दादा, दोघांचे मनापासून आभार. आज सकाळी दोन्ही ट्रॉल्या मोजल्या. आठ ट्रॉल्या सांगणाऱ्याची ट्रॉली आतून ९ फूट लांब, साडेपाच फूट रुंद आणि १७ इंच उंच आहे. तीन सांगणाऱ्याची १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि १८ इंच उंच. जाडीविषयी विचारले असता पहिला म्हणाला, "संपूर्ण जागेत एक फूट." दुसरा म्हणाला, "अर्धा फूट, पण सगळीकडे." वाफे आणि पायवाट वेगळी असल्याचे मी दोघांनाही सांगितलेच नव्हते, हे माझ्या आत्ता लक्षात आले.

निवृत्त ओव्हरसिअर, अमळनेर

मग कोडे सुटले. पहिली ट्रॉली ७० घनफुटांची आहे. ३० × १८ म्हणजे ५४० चौरस फूट, एक फूट जाडीने ५४० घनफूट, भागिले ७० म्हणजे पावणेआठ, म्हणून आठ. दुसरी ट्रॉली ९० घनफुटांची. अर्ध्या फुटाने २७० घनफूट, म्हणजे बरोबर तीन. दोघांचेही गणित प्रामाणिक होते. आपले वाफे, फुलांचा तुकडा आणि खड्डे मिळून जेमतेम २६१ चौरस फूट भरतात, म्हणजे निम्म्याहून कमी जागा. पायवाटेवर सुपीक माती टाकून ती पायाखाली तुडवण्यात काय अर्थ आहे?

आपल्याला १८० घनफूट माती हवी, म्हणजे मोठ्या ट्रॉलीच्या दोन खेपा. ७० घनफूट शेणखत, म्हणजे लहान ट्रॉलीची एक खेप. भाव ठरवताना ट्रॉली फाळक्याला समतल भरलेली की शिगोशीग, हे आधी बोलून घ्यावे.

माल उतरल्यावर शंका आली, तर ढिगावरूनही अंदाज निघतो. ढीग शंकूसारखा गोल पडला असेल, तर बुडाच्या त्रिज्येचा वर्ग, गुणिले ३.१४, गुणिले उंची, आणि सगळ्याला ३ ने भागावे. बुडाला १० फूट व्यास आणि सव्वातीन फूट उंची असलेला ढीग सुमारे ८५ घनफुटांचा होतो. ९० च्या ट्रॉलीला तो ठीकच म्हणायचा. ६० निघाले, तर मात्र विचारणा करावी.

बांधकामाच्या अंगाने एक सूचना करतो. वाफ्याची माती घराच्या भिंतीला टेकवू नये, फूट-दीड फूट जागा सोडावी, आणि मातीची पातळी जोत्याच्या वर जाऊ देऊ नये, नाहीतर भिंतीला ओल धरते. आंबाही शक्य तितका भिंतीपासून दूर घ्यावा. १८ फुटांच्या रुंदीत आम्रपालीसारखी ठेंगणी जात बरी.

परसबाग, धुळे

आच्छादनाचा प्रश्न मागे राहिला आहे, म्हणून लिहिते.

आच्छादनाचे गणित मातीसारखेच आहे, फक्त जाडी ३ इंच धरावी. तीन वाफ्यांचे १४४ चौरस फूट गुणिले ०.२५, म्हणजे ३६ घनफूट. पण पालापाचोळा ब्रासने कोण देतो? मी पोत्याने मोजते. ५० किलो गहू मावणारे पोते साधारण ६५ लिटरचे, म्हणजे २.३ घनफुटांचे असते. तेव्हा ३६ घनफुटांना सोळा पोती लागतील. आंब्याच्या आळ्याची त्रिज्या ३ फूट धरली आणि खोडाभोवती अर्धा फूट मोकळे सोडले, तर सुमारे साडेसत्तावीस चौरस फूट होतात. त्याला ३ इंचांनी ७ घनफूट, म्हणजे तीन पोती पुरतील.

हा हिशेब भुईमुगाच्या टरफलांचा झाला, कारण ती फारशी दबत नाहीत. उसाचे पाचट, गव्हांडा किंवा केळीची वाळलेली पाने घेतली, तर पहिल्या पाण्यातच थर निम्मा होतो, त्यामुळे दुप्पट पोती आणावीत आणि टाकताना ६ इंच टाकावे. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, बारीक करून मिळाल्या तरच घ्याव्यात. अख्ख्या पऱ्हाट्यांचा ढीग घराजवळ रचू नये, त्यात बोंडअळी दडून राहते. लाकडाचा कच्चा भुसा वरून चालतो, पण मातीत कालवू नये, कारण तो कुजताना मातीतले नत्र ओढून घेतो आणि रोपे पिवळी पडतात.

खोडाभोवती मोकळे सोडावे असे वर लिहिले आहे, ते मी स्वतः नुकसान सोसून शिकले. चार वर्षांचे लिंबू होते. जितके जास्त तितके चांगले, असे समजून मी टरफलांचा ढीग थेट खोडाला लावला. पावसाळाभर तो ओला राहिला. दसऱ्याच्या सुमारास पाने गळू लागली म्हणून ढीग बाजूला केला, तर जमिनीलगतची साल बोटाने निघून आली आणि आतून आंबट वास येत होता. झाड वाचले नाही.

वेळेविषयीही सांगते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा ३ इंचांचा थर हवाच, सकाळी दिलेले पाणी संध्याकाळपर्यंत टिकते. पहिला मोठा पाऊस झाला की मी थर इंचभरावर आणते, नाहीतर त्याखाली गोगलगाई आणि वाणी वस्ती करतात. मेथी, कोथिंबीर, पोकळा यांचे बी टाकलेल्या वाफ्यावर आच्छादन अजिबात टाकू नये, कोंबाला वर येता येत नाही. वांगी, मिरची, टोमॅटोची रोपे वीतभर वाढल्यावरच टाकावे. म्हणजे एका वेळी तिन्ही वाफे झाकलेले क्वचितच असतील, तेव्हा भाऊ, सोळा पोती एकदम आणू नका. सध्या आठ आणा.

रावेरचा केळीवाला

ताईंच्या म्हणण्यात एक भर घालतो. शेणखत वर्षभरात कुजून संपते आणि वाफा खाली बसतो, ती खराब मातीची खूण नव्हे. दरवर्षी मृगाआधी तिन्ही वाफ्यांवर इंचभर शेणखत टाकावे. १४४ भागिले १२ म्हणजे १२ घनफूट, ताईंच्या हिशेबाने पाच-सहा पोती. मात्र ते पूर्ण कुजलेले असावे. हातात घेतल्यावर गरम लागले किंवा शेणाचा वास आला, तर महिनाभर झाकून ठेवावे, कारण कच्च्या खताबरोबर हुमणी आणि वाळवी येते.

भुसावळकर

मोठ्या ट्रॉलीवाल्याशी समतल फाळक्याच्या दोन खेपांचे ठरले आहे. त्याच्या मातीचे कडबोळे वळताना दोन ठिकाणी तुटले. लहान ट्रॉलीवाला शेणखत आणणार आहे. आठ ट्रॉल्यांची मागणी एका ट्रॉलीवर आल्यामुळे तो थोडा नाराज दिसला, पण हिशेबाचा कागद पाहिल्यावर त्याने तो घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला. रविवारी मुरूम उकरायला सुरुवात करतो.