मदत हवी आहे: निकॉन डी७५० वरून मिररलेसकडे, जुन्या लेन्सचं काय?

लग्नाच्या फोटोंचं काम करतो, सध्या डी७५० या आरशाच्या डीएसएलआर कॅमेऱ्यावर; आता मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला कॅमेरा घ्यायचाय. लेन्स तीन: २४-७० एफ/२.८जी, ८५ एफ/१.८डी, ८०-२०० एफ/२.८डी. एका साखरपुड्याला निकॉनचा मिररलेस झेड६ टू आणि एफटीझेड अडॅप्टर (जुन्या निकॉन लेन्स त्याला जोडणारा) भाड्याने आणून पाहिला. २४-७० झकास चालली. बाकी दोन्ही डी लेन्सना ऑटोफोकस नाही, कारण त्यांच्यात स्वतःची मोटर नसते, कॅमेऱ्यातली मोटर स्क्रू फिरवून फोकस करते, आणि अडॅप्टरमध्ये ती मोटरच नाही. पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगाने दाखवणारी सोय) लावून हाताने फोकस केला, पण अंगठी घालतानाचे निम्मे फोटो हुकले. नवरीची नथ टिपटॉप, डोळे मऊ!

बजेट दीड लाख, जुनं विकून येईल ते वेगळं. व्हिडिओ करत नाही, दोन कार्ड स्लॉट हवेतच. सीझनच्या मध्ये सगळं एकदम बदलणं जमणार नाही.

डी लेन्स विकायच्याच असतील, तर २४-७० साठी निकॉनमध्येच राहू की तीही काढून सोनीचा मिररलेस ए७ फोर घेऊ? आणि सोनीकडे गेलेल्यांनो, निकॉन-सोनीचे फोटो एकाच अल्बममध्ये घालताना त्वचेचा रंग कसा जुळवलात?