ध्यानातली डुलकी
कुणीतरी लिहिलंय की ध्यानात दहा मिनिटांनी सगळं शांत होऊन भान जातं, म्हणजे ध्यान खोल लागलं. मला हे पटत नाही. भान गेलं तर ती झोपच. मान पुढे झुकणं, श्वास जड होणं, मधला काळ अजिबात न आठवणं, या तिच्या खुणा. बौद्ध परंपरेत ध्यानाच्या पाच अडथळ्यांमध्ये 'थीनमिद्ध' म्हणजे मनाची सुस्ती आणि पेंग हा स्वतंत्र अडथळा मानला आहे.

अंगुत्तर निकाय या बुद्धांच्या उपदेशांच्या पाली संग्रहात एक प्रसंग आहे. महामोग्गल्लान, बुद्धांचा इतका थोर शिष्य, मगधात ध्यानाला बसून पेंगत होता. बुद्धांनी त्याला रागावलं नाही, पायरीपायरीने उपाय सांगितले: ज्या विचाराने पेंग येते तो सोडून दे, ऐकलेला धम्म मनात घोळव, मोठ्याने म्हण, कानाच्या पाळ्या ओढ, हातापायांना चोळ, उठून डोळ्यांवर पाणी मार आणि तारे बघ, मनात प्रकाशाची भावना धर, चंक्रमण कर, म्हणजे चालत ध्यान कर. आणि एवढं करूनही गेली नाही तर जाग येताच उठायचं ठरवून उजव्या कुशीवर सरळ झोप! हा शेवटचा उपाय मला फार मोलाचा वाटतो. थकलेल्या शरीराशी भांडू नका.

इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात पहाटे साडेचारला पहिली बैठक सुरू होते. तिथे पेंग आली की डोळे उघडावेत, पाठ ताठ करावी, थोडा वेळ श्वास मुद्दाम जोरात घ्यावा. तरीही गेली नाही तर बाहेर जाऊन चार पावलं चालून यावं. घरी बसणाऱ्यांनी जेवणानंतरची वेळ टाळावी आणि रात्रीची झोप आधी पुरी करावी.