हिरव्या तळ्यातील मासे पहाटेच का गुदमरतात?

प्रश्न: शेवाळ प्राणवायू तयार करते, असे आपण शिकतो. मग गर्द हिरव्या पाण्यातले मासे पहाटे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप का करतात?

उत्तर १: प्रकाशसंश्लेषण उजेडातच होते, श्वसन मात्र रात्रंदिवस चालू राहते. त्यामुळे दुपारी मुबलक असलेला विरघळलेला प्राणवायू सूर्योदयापूर्वी नीचांकी पातळीवर येतो; तो प्रति लिटर २ मिलिग्रॅमच्या खाली गेला, तर बरेचसे मासे तग धरू शकत नाहीत.

उत्तर २: वरील उत्तर योग्यच आहे, पण मोठा धोका शेवाळ एकदम मरते तेव्हा असतो, कारण त्याचे अवशेष कुजवणारे जिवाणू उरलासुरला प्राणवायूही वापरून टाकतात. म्हणून शेवाळनाशक संपूर्ण तळ्यात एकाच वेळी टाकणे मला अत्यंत घातक वाटते. अर्थात, जिवाणूंना सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. माशांनी उत्सर्जित केलेल्या विषारी अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर जिवाणूच करतात.

उत्तर ३: शेवाळ समूळ नष्टही करू नये. सूक्ष्म शैवालावर प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी) जगतात, प्राणिप्लवकांवर माशांची पिल्ले वाढतात. त्याऐवजी शेवाळाची बेसुमार वाढ करणारे नत्र आणि स्फुरदयुक्त सांडपाणी तळ्यात येणे आधी थांबवावे.