इंग्रजी तपासून न देणारं रायटिंग सेंटर आपल्या मुलांच्या काय कामाचं?

काटेसावर:
माझी भाची अमेरिकेत मास्टर्स करतेय. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे सांगलीला इंजिनिअरिंग. पहिल्याच सत्रात दहा पानी रिपोर्ट घेऊन ती विद्यापीठाच्या रायटिंग सेंटरमध्ये, म्हणजे मुलांना लिखाणात मदत करणाऱ्या केंद्रात गेली. पाऊण तासाची वेळ मिळाली, पैसे काही नाहीत, समोर तिच्याच वयाची ट्यूटर. तिचा पहिला प्रश्न, "यात तुला नेमकं काय म्हणायचंय?" भाची म्हणाली, "आधी ग्रामर बघून दे." उत्तर आलं, "आम्ही प्रूफरीडिंग करत नाही." वेळ बोलण्यात संपली, 'अ' आणि 'द'च्या चुका तशाच राहिल्या आणि गुण कापले गेले ते त्याच चुकांचे.

आता भाच्यासाठी विद्यापीठं बघतोय, म्हणून बऱ्याच सेंटरांची माहिती वाचली. प्रूफरीडिंग नाही, हे वाक्य जवळपास सगळीकडे. मराठीत 'अ', 'द' अशी आर्टिकल हा प्रकारच नाही. ज्याला चूक दिसतच नाही त्याला "तूच शोध" म्हणणं मला अन्याय वाटतो. परदेशी मुलं फी भरतात, त्यांना एवढं मिळायला हवं.

ओसरी:
मी अशाच एका सेंटरमध्ये दोन वर्षं ट्यूटर होते, म्हणून ठामपणे विरोध करते. हा नियम आळसातून आलेला नाही. पूर्वी या केंद्रांकडे निबंधाचं गॅरेज म्हणून बघायचे: मोडका कागद द्या, दुरुस्त घेऊन जा. १९८४ साली स्टीफन नॉर्थ या अमेरिकन प्राध्यापकांनी त्याविरुद्ध लेख लिहिला. आपलं काम हातातला कागद सुधारणं नाही, लिहिणारा सुधारणं आहे, हा त्यांचा मुद्दा. आजही बहुतेक केंद्रं त्यावरच चालतात.

आणि आपल्या मुलांची खरी अडचण आर्टिकलची नसतेच. शाळेत आपण निबंध सुविचारानं सुरू करतो, मग पार्श्वभूमी, आणि मुद्दा शेवटी. एक मराठी मुलगा भूजलावरचा पेपर घेऊन आला होता. त्याचं म्हणणं सातव्या पानावर सापडलं! अमेरिकन प्राध्यापकाला ते पहिल्या पानावर हवं असतं. मी त्याचे सगळे 'द' लावून दिले असते तरी तो पेपर पडलाच असता. "तुला काय म्हणायचंय" हा प्रश्न टाळाटाळीचा नव्हता हो, तोच सगळ्यात उपयोगाचा होता.

नदीकाठ:
ओसरी, अर्धं पटलं. पण चुका बघणं म्हणजे हलकं काम, हा सूर मला खटकतो. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनं शहरातल्या हायस्कूल पास मुलांना प्रवेश खुला केला. घरात इंग्रजी नसलेली, गरीब वस्त्यांतली कितीतरी मुलं आली. तिथल्या सिटी कॉलेजात लेखन शिकवणाऱ्या मीना शॉनेसी यांनी त्यांचे हजारो निबंध ओळीनं वाचले आणि दाखवून दिलं की या चुका वेंधळेपणाच्या नाहीत, प्रत्येकीमागे मुलाचा स्वतःचा काहीतरी तर्क असतो. म्हणजे वाक्याशी बसून झटापट करणं ही याच क्षेत्रातली मानाची परंपरा आहे. ती सोडून "ग्रामर नाही" एवढीच पाटी लावली, तर नुकसान आपल्यासारख्यांचंच.

टेकडी:
ग्रामर आता चॅटजीपीटी करून देतं. सेंटरमध्ये माणूस भेटतो, त्याच्याशी विचारांवरच बोलावं.

नदीकाठ:
टेकडी, कित्येक प्राध्यापक ते चालवून घेत नाहीत. आणि दुरुस्त झालेलं वाक्य का दुरुस्त झालं हे मुलाला कळत नाही, म्हणजे पुढच्या पेपरात चूक तीच.

पायवाट:
काटेसावर, तुलना करताना ते एक वाक्य सोडून बाकीचं बघा. समोर कोण बसतं? हार्वर्ड कॉलेजच्या सेंटरमध्ये ट्यूटर पदवीचे विद्यार्थीच असतात. मास्टर्सच्या थीसिसला तुमच्या विषयाचं लेखन जाणणारं कुणी आहे का, हे विचारायला हवं. दर आठवड्याला तोच ट्यूटर मिळतो का? माझ्या अनुभवात सगळ्यात मोठा फरक यानंच पडतो. पर्ड्यू विद्यापीठाचं असंच केंद्र, रायटिंग लॅब, १९७६ पासूनचं, तिथे इंग्रजी बोलण्याच्या सरावाचे गटही चालतात. त्यांचं १९९४ मध्ये सुरू झालेलं ऑनलाइन रायटिंग लॅब तर पुण्यात बसूनही फुकट वाचता येतं. संदर्भ कसे द्यायचे हे मी तिथेच शिकलो. भाच्यानं जायच्या आधीच वाचावं.

काटेसावर:
ओसरी, सातव्या पानाचं पटलं. भाचीचा रिपोर्ट पुन्हा वाचला, तिचाही मुद्दा शेवटच्या परिच्छेदातच आहे. तरी कुणीतरी सोबत बसून एक पान तरी ओळीनं बघावं, ही मागणी मी सोडणार नाही.

ओसरी:
सोडू नका. फक्त मागायची पद्धत बदला. "तपासून दे" म्हटलं की नकार येतो. "या एका पानात माझी कुठली चूक परत परत होते ते दाखव, पुढची पानं मी करते" असं म्हटलं तर मी कधीच नाही म्हटलं नव्हतं, माझ्या सहकाऱ्यांनीही नाही. आणि पेपर द्यायच्या आदल्या दिवशी जाऊ नये, आठवडाभर आधी जावं.

काटेसावर:
मंगळवारी तिची पुढची वेळ आहे. आजच फोन करून सांगतो.