क्लेअरमध्ये खायला कुठे जावं? (बाबा मालवणचे, आई शाकाहारी)

मालवणीबाळ:
ऑक्टोबरच्या बँक हॉलिडे वीकेंडला आईबाबांना घेऊन डब्लिनहून आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या काउंटी क्लेअरला जायचा बेत आहे. गाडी आहे. मोहेरचे समुद्रावरचे कडे बघायचेच आहेत, पण बाबांचं म्हणणं, "कडे काय, देवगडलाही आहेत. तिथली माणसं जेवतात काय ते दाखव." बाबा मासळीवाले, आई शुद्ध शाकाहारी (केकमधलं अंडं चालवून घेते). ऑनलाइन रेटिंग वाचून डोकं गरगरलंय. तिकडे राहणारं कुणी आहे का?

एनिसची_सुमा:
मी क्लेअरमधल्या एनिस गावातच राहते, तेव्हा माझं मत थोडं पक्षपाती समजा. मोहेर सकाळी लवकर उरकून टाका आणि उरलेला वेळ उत्तरेकडच्या बरेनला द्या. खाण्याची गंमत तिथे आहे.

बरेन म्हणजे चुनखडीचा उघडा कातळ, नजर पोचेल तिथपर्यंत. बाबांना कोकणातला सडा आठवेल, फक्त जांभ्याच्या जागी करडा दगड. इथे गुरं हिवाळ्यात डोंगरावर चढवतात. आल्प्समध्ये उन्हाळ्यात वर नेतात, इथे बरोबर उलटं. उन्हाळ्यात वर पाणीच नसतं, सगळं भेगांतून खाली जातं. थंडीत मात्र तोच कातळ उन्हाळ्यातली ऊब धरून असतो आणि पायाखाली चिखल होत नाही. याला विंटरेज म्हणतात. ऑक्टोबरअखेरीस त्याचा उत्सव असतो, गुरं वर हाकताना लोकांनाही बरोबर चालता येतं. तुमच्या तारखांशी जुळतंय का बघा. गुरांनी जुनं राठ गवत खाऊन टाकलं की वसंतात जेन्शियनच्या निळ्या फुलांना डोकं वर काढायला जागा मिळते. पबच्या फळ्यावर बरेनचं बीफ किंवा लॅम्ब लिहिलेलं दिसलं, तर ते या कातळावरचं.

बाबांना न्यू क्वे आणि फ्लॅगी शोरच्या बाजूला न्या. तिथे कालवं मिळतात. बरेनच्या पोटात मुरलेलं गोडं पाणी किनाऱ्याशी समुद्रातच झऱ्यांनी वर येतं. या खाडीत कालवं चांगली पोसतात ती या गोड्या-खाऱ्या मिसळीमुळे, असं इथले लोक सांगतात. इथली मूळची चपटी कालवं सप्टेंबर ते एप्रिलमध्येच खायची, म्हणजे तुम्ही मोसमातच येताय. लांबट, खोलगट शिंपल्याची पॅसिफिक कालवं वर्षभर असतात.

तिथून लिस्डूनवर्ना. बरेन स्मोकहाउस १९८९ पासून तिथे आहे, ओकच्या धुरावरचा सामन मासा विकत घ्या. बरोबर ब्राउन ब्रेड आणि लोणी, दुसरं काही नको. हा ब्रेड यीस्ट न घालता सोडा आणि ताकावर करतात, वरून टणक, आतून भुसभुशीत. आईंनाही चालेल.

एक लक्षात ठेवा: पब रात्री उशिरापर्यंत उघडा असला तरी किचन साडेआठ-नऊला बंद. गावाकडे मुख्य जेवण दुपारीच करा. बँक हॉलिडेनंतर काही ठिकाणं थेट वसंतापर्यंत कुलूप लावतात, म्हणून निघायच्या आधी फोन करा.

गॉलवेकर_पंत:
सुमाताईंशी सहमत, पण आईंचं इतकं सोपं नाही हो. 'व्हेजिटेबल सूप' लिहिलेलं असतं आणि आत चिकनचा स्टॉक. एका पबमध्ये माझ्या सासूबाई अर्धी वाटी प्यायल्यावर कळलं. नंतरचा सगळा प्रवास मला ऐकून घ्यावा लागला. चिप्ससुद्धा कधी कधी मासे तळलेल्या तेलातच तळतात, दर वेळी विचारा. बटाटा मागितला की त्यावर न विचारता ग्रेव्ही ओततात, तीही मांसाची.

मात्र ऑक्टोबर आईंच्या सोयीचा आहे. हॅलोविनच्या आधी दुकानादुकानात बार्मब्रॅक येतो, मनुकांचा गोडसर पाव, आत एक अंगठी. जिच्या तुकड्यात अंगठी येईल तिचं वर्षभरात लग्न! (सासूबाईंच्या तुकड्यात आली होती. त्यावरूनही ऐकून घेतलं.) आणि कोलकॅनन, म्हणजे कुस्करलेला बटाटा, केल किंवा कोबी, मधोमध वितळलेल्या लोण्याचं तळं. वरून मिरी घ्यायची, हिरवी मिरची घरून न्यायची.

मालवणीबाळ:
धन्यवाद दोघांनाही! बाबांना वाचून दाखवलं. कालवं कच्ची खातात म्हटल्यावर चेहरा पडला. "वाटप नाही, तिरफळं नाहीत, मग चव कसली?" शिजवलेली मिळतात का?

एनिसची_सुमा:
मिळतात. लसूण-लोणी आणि पावाचा चुरा घालून ओव्हनमधून काढलेली बऱ्याच ठिकाणी असतात, टेबल सांगतानाच विचारून ठेवा. पण बाबांना म्हणावं, एक तरी कच्चं खा. लिंबू पिळायचं आणि गिळून टाकायचं नाही, दोनदा चावायचं. आधी खारट लागतं, मग गोडसर.

आईंसाठी आणखी एक. एनिसहून एनिस्टायमनच्या वाटेवर इनाघ लागतं, तिथलं सेंट टोला हे शेळीच्या दुधाचं चीज. राख लावलेली लोळी मिळते, बाहेरून काळपट, आत पांढरंशुभ्र. चीजसाठी दूध घट्ट करायला रेनेट घालतात, ते कधी वासराच्या पोटातलं असतं; कुठलं वापरलंय ते कुठल्याही दुकानात विचारूनच आईंना द्या. आणि त्या सुमारास घड्याळं मागे जातात, पाच-साडेपाचला काळोख. बरेनचे रस्ते अरुंद आहेत, दगडी गडगे अगदी रस्त्याला चिकटून. उजेडातच फिरा.